थ्रेशरची खांदमळणी

लग्न झाल्यावर नवे नवरे बायकांशी काय बोलतात ते मला माहीत नाही. आमचे हे क्रोमवर बोलले. औरंगाबादजवळ वाळूजच्या एका कारखान्यात ते कामाला होते. तिथं मोठाल्या टाक्यांत लालसर तपकिरी पाणी भरलेलं असायचं. त्यात शाफ्ट, दट्टे असले लोखंडी भाग टांगायचे, करंट सोडायचा, आणि बाहेर काढले की त्यांच्यावर चकचकीत थर चढलेला असायचा. केसापेक्षा पातळ, पण असा कडक की घासून झिजत नाही आणि पाण्यानं गंजत नाही. "लोखंडाला कातडं नसतं ना," हे मला समजावून सांगायचे, "म्हणून ते गंजतं. आमी त्याला कातडं घालतो." मी नवी नवरी, मुकाट मान डोलवायचे. मनात म्हणायचे, बापानं कुठं नेऊन टाकलं मला!

माहेर माझं सेनगावकडचं. आमच्याकडं लोखंड गंजलं की लोक म्हणतात गंजलं, आणि वापरत राहतात. हा माणूस मात्र वाळूजच्या त्या भाड्याच्या खोलीत दाराच्या कडीला तेल देणार, माझ्या कात्रीला तेल देणार, स्टोव्हची पिनसुद्धा ग्रीसमध्ये बुडवून ठेवणार. चहाला रॉकेलचा वास आला तर चालेल, ग्रीसचा नको, असं मी कितीदा ओरडले. एकदा माझी विळी गुपचूप कारखान्यात नेली आणि पात्यावर क्रोम चढवून आणली. केवढं कौतुक! "आता जन्मात गंजणार न्हाई." गंजली नाहीच. पण धारेवर थर चढल्यामुळं ती कापायचीही बंद झाली. वांगं चिरायला बसलं की वांगं नुसतं चेपायचं. ती विळी अजून घरात आहे, आरशासारखी लखलखते, आणि तिच्यावर मी फक्त राग काढते.

पण क्रोमचं एक होतं. लोखंडाला कातडं चढायचं आणि ह्यांचं उतरायचं. त्या टाक्यांतून बुडबुडे फुटत आणि बारीक फवारा उडत राहायचा. हातमोजे फाटके, तोंडाला बांधायला रुमाल. ह्यांच्या बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला फोड आले. फोड फुटले आणि तिथं खड्डेच पडले, बारीक, गोल, हरभऱ्याची डाळ बसेल एवढे. भरून यायला महिनोन् महिने लागायचे आणि तोवर शेजारी नवा पडायचा. मीठ-मिरचीच्या ताटात हात घालायचे तर आधी डोळे मिटून घ्यायचे.

मग नाक वाजायला लागलं. श्वास घेतला की बारीक शिट्टी. मी आपली थट्टा करायचे, "कुकर झालाय तुमचा, स्टोव्ह बंद करू का?" शेवटी डॉक्टरला दाखवलं. त्यानं बॅटरी लावून बघितलं आणि सांगितलं की दोन्ही नाकपुड्यांच्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडलंय, टाकीच्या वाफेनं. परत येताना रिक्षात मी म्हणाले, "आता नथ घालायला हरकत नाही." हे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मोरीत नळ सोडून बसले आणि पोटभर रडले. तेव्हा मला त्या कारखान्याचा इतका राग आला होता की सगळ्या टाक्या नाल्यात ओतून द्याव्यात असं वाटलं.

माझे सासरे, म्हणजे मामा, त्याच महिन्यात हिंगोलीकडच्या गावाहून आम्हाला भेटायला आले. औरंगाबाद त्यांना अजिबात आवडत नसे, पाण्याला चव नाही म्हणायचे. जेवताना त्यांचं लक्ष लेकाच्या हातांकडं गेलं. पान आवरलं, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "गावाकडं चला."

"गावाकडं येऊन काय करू आबा? ढेकळं फोडू?" हे म्हणाले.

"यंत्र घेऊ. तुला लोखंडाची आवड हाये ना? आपलं लोखंड घेऊ."

आणि त्यांनी खरोखर घेतलं. जुनं मळणी यंत्र, थ्रेशर, सोबत डिझेलचं इंजिन. त्यासाठी त्यांनी काय केलं ते आम्हाला गावी आल्यावर कळलं. गोठा रिकामा होता. जोडी विकली होती. तांड्यावरच्या एका घरी दिली होती, बैलांना मारत नाहीत असं घर बघून.

हे समजायला मामा माहीत पाहिजेत. ह्या माणसानं आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, उभ्या जन्मात एक गजरा आणला नसेल. पण बैलांना उन्हाळ्यात कलिंगडाच्या साली, हिवाळ्यात झुली, कुठं कातडं सोलवटलं की लगेच हळद. आत्याबाई म्हणायच्या, "पुढच्या जन्मी बैल हून येईन, तवा तरी बोलतील माझ्याशी." तर त्या माणसानं जोडी विकली. ह्यांनी मात्र तिथंच, रिकाम्या गोठ्यासमोर, एक अट घातली. कारखान्यातल्या साहेबानं दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणून सांगितलं होतं. ह्या सोयाबीनच्या हंगामात यंत्र नीट चाललं तर राहायचं, नाही तर दिवाळीआधी परत टाकीवर. "मला यंत्र माहीत हाये, आबा. फक्त एक करा. त्याला हात लावू नका."

मामांनी मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की माशी उडवायला, ते कुणालाच कळलं नाही.

परभणीतून सुटून हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता आणि सगळ्यांना वाटत होतं की आता काहीतरी होणार. काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या घरी मात्र रोज कौतुकसोहळा चालला होता. ह्यांनी ते खटारं पूर्ण उघडलं. ड्रमचा शाफ्ट घासून घासून अर्धा झिजला होता. तो काढून वाळूजला नेला, कारखान्यातल्या सोबत्यांकडून त्यावर वेल्डिंगनं धातू भरून घेतला, लेथवर सारखा केला आणि शेवटी स्वतःच्या हातानं टाकीत सोडून त्यावर क्रोम चढवला. म्हणाले, त्या टाकीतलं शेवटचं काम. बेअरिंगच्या पेट्यांत नवं ग्रीस दाबून भरलं. पत्र्याला आधी तांबडा रोगण, मग हिरवा रंग. हे मला हाताला धरून शाफ्ट दाखवायला घेऊन गेले. एवढ्या प्रेमानं त्यांनी मला आमच्या लग्नाचा अल्बमसुद्धा दाखवला नव्हता. त्यात माझं तोंड दिसलं, जरा लांबट.

"बघ, ह्याला आता दहा वर्षं काही होत न्हाई," म्हणाले. नाकातून शिट्टी वाजली.

मग पोळा आला. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर बैलाच्या ज्या खांद्यावर जू घासतं, तो खांदा त्या संध्याकाळी गरम पाण्यानं शेकायचा आणि तूप-हळद लावून चोळायचा. मग बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं ताट आधी बैलापुढं, मग आपल्यापुढं.

त्या संध्याकाळी हे पट्ट्याचं काहीतरी सामान आणायला हिंगोलीला गेले होते. आत्याबाई आणि मी पुरणाच्या डाळीत. मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "सूनबाई, तूप दे वाटीभर. आन् हळद. आन् पाणी तापव."

मला वाटलं, तांड्यावर चाललेत. जुन्या जोडीचा खांदा चोळायला. तूप मी बाळंतपणासाठी साठवत होते, पाचवा महिना होता मला, तरी वाटी भरून दिली, वर आणखी चमचाभर. एवढं मोठं मन माझं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

मामा तांड्यावर गेलेच नाहीत, पण हे मला फार पुढं कळलं. ते गेले गोठ्यात, थ्रेशरकडं.

दुसऱ्या दिवशी थ्रेशरपुढं पुरणपोळीचं ताट ठेवलेलं दिसलं. पत्र्यावर हळदीकुंकू, पेंढ्या टाकायच्या हॉपरला आंब्याचं तोरण. हे परतले होते, पोट धरून हसले. "आबा, जेवला का हा? का अजून भूक हाये?" मामा म्हणाले, "जेवंल की." मीही हसले. ताट काय, दुपारी कुत्र्यानं उरकलं. मग पाऊस लागून राहिला, यंत्रावर ताडपत्री टाकली ती हंगामापर्यंत कुणी काढली नाही. मी एकदा म्हणाले, "एकदा चालवून बघा ना." तर मलाच उत्तर, "मी स्वतः भरलंय ग्रीस. उघडायचं काम न्हाई." आपल्या हातच्या कामावर एवढा विश्वास माझा कधी माझ्या पोळ्यांवरसुद्धा नव्हता.

सोयाबीन कापून पहिली मळणी गावालगतच्याच एका शेतात ठरली. शेतकरी ओळखीचा, ट्रॅक्टरनं ओढत यंत्र नेलं; पट्टा पिवळट दिसला तो ह्यांना पोळ्याच्या हळदीकुंकवाचा वाटला. मी मामांबरोबर नारळ घेऊन गेले होते. नारळ फुटला, इंजिन सुरू झालं, पट्टा फिरला, पहिल्या पेंढ्या आत गेल्या, भुसा उडाला. हे हात कमरेवर ठेवून असे उभे, जणू जिल्हा ह्यांनीच केला.

थोड्या वेळानं मला वास आला. मी इकडं तिकडं बघितलं. मजूर बायकाही नाक वर करून बघत होत्या. तुपाचा वास! आधी साजूक, मग खमंग, मग करपल्याचा. बेसनाचे लाडू भाजायला घ्यावेत आणि कढई विसरून जावं, तसा. एक बाई म्हणाली, "वहिनी, आत शिरा टाकला का काय?"

मग बेअरिंग ओरडायला लागलं. ते ओरडणं मला अजून ऐकू येतं. हे इंजिनकडं धावले, तेवढ्यात पट्टा फाटकन तुटला आणि उसाच्या चिपाडासारखा बाजूला पडला.

उघडून बघितलं तेव्हा सगळं कळलं. आमच्या मामांनी यंत्राची अगदी यथासांग खांदमळणी केली होती. पान्यानं बेअरिंगच्या पेट्या उघडल्या होत्या. आतलं काळं ग्रीस, त्यांच्या मते घाण, चिंधीनं पुसून काढलं होतं. गरम पाण्यानं शेकलं होतं. मग माझं तूप आणि हळद, बोटानं आतपर्यंत. पट्ट्यालाही दोन्ही अंगांनी चोपडलं होतं, तो उघडा राहतो ना, म्हणून. महिनाभर ताडपत्रीखाली आत राहिलेल्या पाण्यानं बेअरिंगच्या गोळ्या गंजून लाल झाल्या होत्या. तुपाला मुंग्या लागल्या होत्या. पट्टा उंदरांनी आतल्या कडेनं कुरतडला होता. आणि ह्या सगळ्यात तो क्रोमचा शाफ्ट तेवढा ठणठणीत, एक ओरखडा नाही. अंगभर हळद लागलेला, बोहल्यावर निघाल्यासारखा.

शेतकऱ्यानं दुसरं यंत्र बोलावलं. त्याचं तरी काय चुकलं? आभाळ भरून आलं होतं. आमचं यंत्र ओढत घरी आणलं तेव्हा वाटेत लोक विचारत होते काय झालं, आणि मजूर बायका सांगत होत्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पारावर कुणीतरी म्हणालं, पुढच्या वर्षी यंत्राला बाशिंग बांधा.

ह्यांनी अंगणात जे सुरू केलं, ते मी ह्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. "हात लावू नका म्हणलं होतं का न्हाई? म्हणलं होतं का न्हाई?"

"बैलाला चालतं," मामा म्हणाले, "ह्याला काहून न्हाई चालत?"

"ते बैल न्हाई! लोखंड हाये, लोखंड! त्याला तूप लागत न्हाई, त्याला ग्रीस लागतं! त्याला वेगळं कातडं लागतं, ते मी घातलं होतं! माझं सगळं काम मातीत घातलं तुमी."

"बाप हाये रे तो तुझा, हळू बोल," आत्याबाई मध्ये पडल्या आणि लगेच नवऱ्याकडं वळल्या, "आन् ह्या माणसाला काय म्हणावं! सुनेचं बाळंतपणाचं तूप लोखंडाला पाजलं!" मी तर इतकी चिडले होते की कुणावर चिडायचं तेच कळत नव्हतं. मामांवर, ह्यांच्यावर, त्या महिनाभर न उघडलेल्या ताडपत्रीवर. आणि भीती मात्र एकच होती. टाकी. ह्यांनी आत जाऊन बॅग काढली, शर्ट कोंबले. संध्याकाळच्या एस.टी.नं हिंगोली, तिथून पुढं औरंगाबाद. दिवाळीला अवकाश होता, जागा अजून होती. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "जा. पण नाकाला दुसरं भोक पाडून आलात तर घरात घेणार नाही." ह्यांनी बॅगेची चेन ओढली.

ओसरीवर मामा बसले होते. म्हणाले, "सूनबाई, तूप हाये का राहिलेलं?"

"मामा, आता काय चोपडायचं राहिलंय?"

"आण म्हणलं ना. आन् पाणी तापव."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी आणलं. मामांनी वाटीत हळद टाकली, अंगठ्यानं कालवली. हे बॅग खांद्याला लावून ओसरीवरून उतरत होते. मामांनी मनगट धरलं. ह्यांनी ओढून बघितलं. बुजलेले बैल वेसणीला धरून थांबवणारा हात तो, हलला नाही.

"सोडा आबा, एस.टी. जाईल."

"बस."

बसले. मामांनी फडकं गरम पाण्यात बुडवून पिळलं आणि ह्यांच्या हातांवर धरलं, आधी एका, मग दुसऱ्या. मग तूप-हळद घेऊन एकेक पेर चोळायला लागले. तेच फोडांचे खड्डे, काही भरलेले, काही अजून ओले. ह्यांचा चेहरा आक्रसला. "झोंबतंय आबा."

"झोंबू दे." मामा चोळत राहिले. "मला ग्रीस कळत न्हाई. चुकलं माझं, व्हय. पर मी जोडी यंत्रासाठी न्हाई विकली. ह्या हातांसाठी विकली. ते यंत्र मोडलं की तू परत जाशील, म्हणून त्याला जपत होतो. जपायचं कसं, मला एवढंच येतं." मग त्यांनी तळवा उलटा करून धरला आणि एका खड्ड्यावर अंगठा ठेवून विचारलं, "ह्याला कातडं कोण चढवतं रे? हाये का तिथं तसली टाकी?"

हे त्या खड्ड्याकडं बघत राहिले. लोखंडाबद्दल तासभर बोलणारा माणूस. मान खाली, आणि नाकातली ती शिट्टी तेवढी भराभरा वाजत होती. मी खांबाला टेकून उभी होते, आणि सांगते, मीही रडत होते, लपवायला तिथं मोरी नव्हती.

चोळून झाल्यावर मामा पुढं वाकले. लेकाच्या कानाशी तोंड नेलं आणि जन्मभर बैलांना म्हणत आले तेच, त्याच आवाजात म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"अवो, पोळा होऊन महिना झाला," आत्याबाई आतून म्हणाल्या.

बैल कधी ह्यावर काही बोलत नाहीत, नुसते कान हलवतात. ह्यांनी नाक पुसलं, तर गालाला हळद लागली.

"येतो," म्हणाले.

तरी भरवसा नको म्हणून मी बॅगेतले सगळे शर्ट काढून बादलीत भिजत टाकले. दुसऱ्या दिवशी सणवार काही नसताना सकाळी उठून पुरण शिजवलं, बोलावलंय तर ताट मांडायला नको? हे जेवले. मग बापलेक सेनगावहून येणाऱ्या जीपला लोंबकळून हिंगोलीला गेले, बेअरिंग, पट्टा आणि ग्रीसचा डबा आणायला. हात दोघांचेही अजून पिवळे होते.